आकडा आणि अभय

नव्या वर्षाच्या प्रारंभीं वर्तमानपत्रांत एक कोष्टक येतें. गेल्या वर्षीं शहरांत खून किती झाले, दरोडे किती पडले, घरफोड्या किती, सोनसाखळ्या किती गेल्या, आणि त्यांपैकीं किती प्रकरणांचा छडा लागला, हें सर्व त्यांत शेजारीं शेजारीं मांडलेलें असतें. सकाळच्या चहाबरोबर तें घरोघर वाचलें जातें. आकडा वाढलेला असला तर वडीलधारीं माणसें मान हलवितात व "काळ बिघडला" असा निकाल देतात. आकडा घटलेला असला तर अधिकारी समाधान व्यक्त करतात, आणि घरांतील मंडळी तें समाधान फारसें मनावर न घेतां दाराला दुसरी कडी लावून निजतात. दोन्ही वेळां एक प्रश्न मात्र कोणी विचारीत नाहीं. हा आकडा मोजतो तरी काय? शहरांत घडलेले गुन्हे, कीं पोलिसांच्या वहींत उतरलेले गुन्हे? हा भेद वरवर पाहतां शाब्दिक वाटेल. परंतु शहरें सुरक्षित करण्याचे जे जे प्रयत्न आजवर झाले, त्यांपैकीं अनेकांचें यशापयश या एका भेदाशीं येऊन ठेपलेलें आहे. म्हणून प्रथम त्याचाच विचार केला पाहिजे.

एखादा गृहस्थ संध्याकाळच्या गर्दींत लोकलगाडींतून उतरतो, आणि फलाटावर पाऊल ठेवल्यावर त्याच्या ध्यानांत येतें कीं, खिशांतील मोबाईल नाहींसा झाला आहे. तो ठाण्यावर जातो. तेथील अंमलदार त्याला बसवून घेतो, त्याची हकीकत शांतपणें ऐकतो आणि विचारतो, "चोरताना कुणाला पाहिलंत का? नाही ना? मग चोरीला गेला कशावरून? हरवला असं लिहून द्या, म्हणजे नवं सिमकार्ड लगेच मिळेल." गृहस्थाला घरीं जाण्याची घाई असते, कोर्टकचेरीच्या खेपा त्याला नको असतात. तो 'गहाळ' असें लिहून देतो व दाखला घेऊन परततो. त्या दिवशीं शहरांत एक चोरी घडली. वहींत मात्र ती उतरली नाहीं. गृहस्थाची सोय झाली, अंमलदाराचीहि झाली. परंतु अशा सोयी हजारोंच्या संख्येनें होऊं लागल्या म्हणजे कोणत्या स्थानकावर, कोणत्या वेळीं, कोणत्या डब्याच्या दाराशीं चोर उभा राहतो, हें सांगणारी माहितीच नष्ट होते. ज्या वैद्याला रोग्याची नाडी पाहूं दिली जात नाहीं, त्यानें औषध तरी कोणतें द्यावें?

याच कारणास्तव गुन्ह्यांचा शास्त्रीय अभ्यास करणारे विद्वान दोन शहरांची किंवा दोन काळांची तुलना करतांना चोऱ्यांच्या संख्येपेक्षां खुनांच्या संख्येवर अधिक विसंबतात. चोरी 'गहाळ' या सदरांत जाऊं शकते. मृतदेह सहसा जाऊं शकत नाहीं. भारतांत १९५३ सालापासून 'क्राइम इन इंडिया' या नांवाचा अहवाल निघत आलेला आहे, आणि १९८६ सालीं स्थापन झालेला राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभाग तो सिद्ध करतो. त्यांत २० लाखांहून अधिक वस्तीच्या महानगरांचें कोष्टक वेगळें दिलेलें असतें. गुन्ह्यांत झालेली वाढ आणि गुन्ह्यांच्या नोंदींत झालेली वाढ या दोन अगदीं भिन्न गोष्टी आहेत, असा इशारा या विभागानें स्वतःच वाचकांस दिलेला आहे. दुर्दैवानें कोष्टक वाचणारे पुष्कळ आणि इशारा वाचणारे थोडे.

हा इशारा किती यथार्थ आहे हें दिल्लीच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. डिसेंबर २०१२ मध्यें तेथें धांवत्या बसमध्यें एका तरुणीवर जो अमानुष अत्याचार झाला, त्यानें सारा देश हादरून गेला. त्या वर्षीं दिल्लींत बलात्काराच्या ७०० च्या आसपास फिर्यादी नोंदविल्या गेल्या होत्या. २०१३ सालीं ती संख्या १,६०० च्या वर गेली. नुसता आकडा पाहणारा म्हणेल कीं, एका वर्षांत दिल्लीचे पुरुष दुपटीहून अधिक दुष्ट झाले. तसें मानण्यास आधार नाहीं. कायदा कडक झाला. अशा गुन्ह्याची खबर नोंदविण्यास नकार देणारा अधिकारी स्वतः शिक्षेस पात्र ठरूं लागला. आणि ज्या स्त्रिया पूर्वीं अब्रूच्या भीतीनें गप्प राहात, त्यांपैकीं कित्येकींना ठाण्याची पायरी चढण्याचें धैर्य आलें. आकड्यांतील ही एवढी मोठी वाढ मुख्यतः त्या धैर्याची होती.

आणि हें धैर्य जेथें नसतें तेथें काय होतें, हें त्याच वर्षीं मुंबईनें पाहिलें. महालक्ष्मीनजीकच्या, बंद पडलेल्या शक्ति मिल्सच्या ओसाड आवारांत २२ ऑगस्ट २०१३ रोजीं एका तरुण छायाचित्रकार स्त्रीवर सामूहिक अत्याचार झाला. तिची फिर्याद तत्काळ नोंदली गेली व थोड्याच दिवसांत आरोपी पकडले गेले. तें वृत्त प्रसिद्ध झाल्यानंतर दुसरी एक मुलगी पुढें आली. टेलिफोन ऑपरेटरचें काम करणाऱ्या या मुलीवर त्याच आवारांत ३१ जुलै रोजीं, म्हणजे तीन आठवडे आधीं, तसाच प्रसंग गुदरला होता. आणि तिघे आरोपी दोन्ही गुन्ह्यांत तेच होते. त्या तीन आठवड्यांत शहराची वही या बाबतींत कोरी होती. कोष्टकाच्या दृष्टीनें तें आवार सुरक्षित होतें! त्या पहिल्या मुलीला दोष देण्याचें धाडस कोणाहि विचारी माणसानें करूं नये. घरीं कळलें तर काय होईल, शेजारी काय म्हणतील, ठाण्यांत कोणते प्रश्न विचारले जातील, या भीतीचा डोंगर समाजानेंच तिच्यापुढें उभा केलेला होता. पण तिला पहिल्याच दिवशीं निःशंकपणें फिर्याद देतां आली असती, तर दुसरीवरचा प्रसंग कदाचित् टळला असता. न नोंदलेला गुन्हा हा केवळ भूतकाळांतील अन्याय नसतो. पुढच्या गुन्ह्याला तो मोकळी वाट करून देतो.

या बाबतींत कायदा आतां निःसंदिग्ध आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली असतां ती नोंदविणें पोलिसांवर बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानें १२ नोव्हेंबर २०१३ रोजीं ललिता कुमारी खटल्यांत दिला. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ व्या कलमान्वयें गुन्हा कोणत्याहि हद्दींत घडलेला असो, खबर कोणत्याहि ठाण्यांत देतां येते, आणि नोंदीची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळाली पाहिजे. म्हणजे "हें आमच्या हद्दींत येत नाहीं" हें जुनें उत्तर आतां कायद्यास मान्य नाहीं. तथापि कायदा पुस्तकांत असतो आणि फिर्यादी ठाण्यांत उभा असतो. त्या दोहोंमधील अंतर ठाण्यांतील माणसाच्या वृत्तीवर अवलंबून राहतें, आणि ती वृत्ति घडविण्यांत वरून येणाऱ्या आकड्याच्या दडपणाचा वांटा फार मोठा असतो. हें दडपण काय करूं शकतें, याचा अनुभव सर्वांत ठळकपणें घेतला तो अमेरिकेंतील न्यूयॉर्क शहरानें.

१९९० सालीं न्यूयॉर्कमध्यें २,२०० हून अधिक खून झाले. भुयारी रेल्वेंतून रात्रीं प्रवास करणें लोकांस धोक्याचें वाटे. पुढें १९९४ पासून तेथील पोलीस आयुक्त विल्यम ब्रॅटन यांच्या कारकीर्दींत 'कॉम्पस्टॅट' नांवाची पद्धति सुरू झाली. प्रत्येक ठाण्याच्या हद्दींतील गुन्हे नकाशावर मांडावयाचे, आणि त्या त्या ठाण्याच्या प्रमुखास वरिष्ठांच्या सभेंत उभें करून त्याबद्दल जाब विचारावयाचा, असें तिचें स्वरूप होतें. गुन्हे झपाट्यानें घटले. २०१७ सालीं त्याच शहरांत खुनांची संख्या ३०० च्या आंत आली. हें यश लहानसहान नव्हे, आणि खुनाचा आकडा असल्यानें तें कागदोपत्रींचें म्हणून झटकूनहि टाकतां येत नाहीं. गुन्हा कोठें व केव्हां घडतो हें पाहून तेथें पोलीस पाठवावे, हा या पद्धतींतील विचार शहाणपणाचाच होता.

परंतु त्याच पद्धतीला दुसरी बाजू होती. सभेंत उभें राहून अपमान सोसण्यापेक्षां आकडाच कमी दाखविणें सोपें, असें कित्येकांना वाटूं लागलें. फिर्यादी घेण्यास टाळाटाळ करणें, मोठा गुन्हा लहान कलमाखालीं लिहिणें, अशा गोष्टी घडतात असे आरोप खुद्द पोलीस दलांतील माणसांनींच केले. शिवाय कामाचा पुरावा म्हणून रस्त्यावरील माणसें थांबवून त्यांची झडती घेण्याचें प्रमाण वाढत गेलें. एकट्या २०११ सालीं अशा ६,८५,००० हून अधिक अडवणुकी झाल्या. त्यांत अडविलेल्यांपैकीं बहुतेक कृष्णवर्णीय व लॅटिनो होते, आणि दहांपैकीं जवळजवळ नऊ जणांविरुद्ध कांहींहि निष्पन्न झालें नाहीं. ज्या तरुणाला कांहीं अपराध नसतांना वर्षांतून चार वेळां भिंतीकडे तोंड करून उभें राहावें लागलें, तो पुढें एखादा गुन्हा डोळ्यांदेखत घडला तरी साक्ष देण्यास कशाला येईल? ऑगस्ट २०१३ मध्यें तेथील संघीय न्यायालयानें झडत्यांचा तो प्रकार राज्यघटनेविरुद्ध ठरविला. आतां गुन्हे पुन्हां उसळतील असें भाकित पुष्कळांनीं केलें. प्रत्यक्षांत झडत्यांची संख्या पूर्वीच्या एका लहानशा अंशावर आली, आणि खून मात्र त्यानंतरहि कांहीं वर्षें घटतच राहिले. सरसकट संशयानें जें साधतें असें वाटत होतें, तें त्याविनाहि साधलें. न्यूयॉर्कमधील गुन्हे नेमके कशामुळें घटले याबद्दल विद्वानांत अद्यापि एकमत नाहीं. कारण ज्या शहरांनीं ही पद्धति स्वीकारली नव्हती, तेथेंहि त्याच काळांत गुन्हे कमी झाले होते.

पोलीस अखेर कोणाच्या बळावर उभे असतात, हा प्रश्न न्यूयॉर्कच्या अनुभवांतून निघतो. तो प्रश्न नवा नाहीं. लंडन शहरानें त्याचा विचार दोन शतकांपूर्वीं केला होता. त्या वेळीं लंडनची वस्ती पंधरा लाखांवर गेलेली होती, आणि रखवालीस मुख्यत्वें जुने पहारेकरी होते. गृहमंत्री सर रॉबर्ट पील यांनीं १८२९ सालीं पार्लमेंटकडून कायदा संमत करून घेतला, व २९ सप्टेंबर रोजीं नव्या दलाचे शिपाई प्रथम रस्त्यावर आले. लष्कराचा पोशाख तांबडा. म्हणून यांचा मुद्दाम निळा ठेविला. हातांत बंदूक न देतां दंडुका दिला. प्रत्येकाच्या गळपट्टीवर क्रमांक लाविला, कीं ज्यायोगें त्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची झाल्यास नागरिकास ती करतां यावी. आणि त्यांना जी लेखी सूचना दिली तींत गुन्हेगार पकडण्यापेक्षां गुन्हा घडूं न देणें हें प्रथम कर्तव्य म्हणून सांगितलें. तरीहि लोकांचा विश्वास एका दिवसांत मिळाला नाहीं. १८३३ सालीं एका सभेच्या दंगलींत एक शिपाई मारला गेला, तेव्हां त्याच्या मरणाची चौकशी करणाऱ्या पंचांनीं 'समर्थनीय मनुष्यवध' असा निकाल दिला, इतका रोष लोकांच्या मनांत होता! तो रोष निवळण्यास पुढें दीर्घ काळ सौम्य वर्तन करावें लागलें. विश्वास हुकमानें उत्पन्न होत नाहीं, एवढा धडा त्यांतून घेण्यासारखा आहे.

भारतांतील पोलिसांचें वळण मात्र निराळें पडलें. १८५७ च्या उठावानंतर १८६१ सालीं जो पोलीस कायदा झाला, त्याचा मुख्य हेतु राज्य सुरक्षित ठेवण्याचा होता; रयतेचें अभय ही त्यापुढची गोष्ट होती. मुंबई शहराचे कायदे निराळे होते. १८६४ सालीं फ्रँक साउटर हे तेथें पहिले पोलीस आयुक्त झाले. परंतु शिपाई हा सरकारचा माणूस, शहरवासीयांचा नव्हे, ही समजूत तेथेंहि रुजली. स्वातंत्र्यानंतर झेंडा बदलला. ठाण्याची पायरी मात्र तितकीच उंच राहिली. या विषयावर आयोग व समित्या पुष्कळ झाल्या. अखेर निवृत्त पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयानें २२ सप्टेंबर २००६ रोजीं सात आदेश दिले. अधिकाऱ्यांस ठराविक मुदतीची नेमणूक मिळावी, तपासाचें काम व बंदोबस्ताचें काम वेगळें असावें, पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठीं स्वतंत्र प्राधिकरण असावें, हे त्यांतील प्रमुख होत. महाराष्ट्रानें २०१४ सालीं आपल्या पोलीस कायद्यांत त्या अनुरोधानें दुरुस्ती केली. परंतु आदेश पाळण्याची देशांतील राज्यांची तत्परता एकंदरींत बेताचीच राहिली आहे. जो शिपाई सकाळीं मिरवणुकीच्या बंदोबस्तास, दुपारीं मंत्र्यांच्या वाटेवर व रात्रीं नाकाबंदीस उभा असतो, त्यानें घरफोडीचा तपास करावा तरी केव्हां?

आणि त्या शिपायाच्या देहाचाहि विचार कोणीं तरी केला पाहिजे. मुंबईच्या शिपायानें बारा बारा तास काम करावें, त्यावर कर्जत किंवा आसनगांवपर्यंतचा प्रवास करावा, आणि दुसऱ्या दिवशीं ठाण्यांत आलेल्या दुःखी माणसाशीं गोड बोलावें, ही अपेक्षा माणुसकीला धरून नाहीं. २०१६ सालच्या मे महिन्यांत, दत्ता पडसलगीकर हे आयुक्त असतांना, देवनार ठाण्यांत आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला. ती योजना त्याच ठाण्यांतील एका शिपायानें आंखून दिलेली होती, ही गोष्ट विशेष स्मरणीय आहे. पुढें ती शहरांतील इतर ठाण्यांतहि लागू करण्यांत आली. मनुष्यबळाच्या अभावीं अशी व्यवस्था टिकविणें किती कठीण असतें हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु थकलेला माणूस फिर्याद टाळतो आणि विसावलेला माणूस ती ऐकून घेतो, एवढें साधें सत्य त्या प्रयोगाच्या मुळाशीं होतें. शहराच्या सुरक्षिततेच्या अंदाजपत्रकांत शिपायाची झोंप हें एक सदर असलेंच पाहिजे.

पोलीस व नागरिक यांच्यामधील पायरी खालीं आणतां येते काय, याचें उत्तर ठाणें जिल्ह्यांतील भिवंडीनें दिलेलें आहे. यंत्रमागांचें हें गांव १९७० व १९८४ या दोन्ही सालीं जातीय दंगलींनीं होरपळलें होतें. भिवंडी म्हणजे दंगल, असें समीकरणच होऊन बसलें होतें. १९८८ च्या सुमारास सुरेश खोपडे हे तेथें पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनीं वस्तीवस्तींत मोहल्ला समित्या स्थापन केल्या. नांवाजलेले पुढारी तेवढे बोलावून शांतता सभा भरविण्याची जुनी रीत त्यांनीं बाजूस ठेविली. दुकानदार, यंत्रमाग कामगार, शिक्षक, घर चालविणाऱ्या बाया अशीं दोन्ही समाजांतील साधीं माणसें एकत्र बसविलीं, आणि त्यांच्यामध्यें ठाण्यांतील साध्या अंमलदारालाच बसविलें. बोलणें नळाच्या पाण्याचें, गटाराचें, पोरांच्या भांडणाचें, कर्कश भोंग्याचें असे. महिन्यांमागून महिने असें बोलणें झाल्यावर कोणाच्या घरीं कोण राहतो, कोणाचा मुलगा कोणत्या वाटेला लागला आहे, अफवा कोठून निघते, हें सर्वांस ठाऊक झालें. आणि शिपायाचें नांव वस्तीला व वस्तीचीं नांवें शिपायाला पाठ झालीं.

याची कसोटी डिसेंबर १९९२ मध्यें लागली. अयोध्येंतील घटनेनंतर मुंबईंत डिसेंबर व जानेवारी अशा दोन लाटा उसळल्या, आणि त्यांत सुमारें ९०० माणसें प्राणांस मुकलीं. मुंबई जळत असतांना भिवंडी शांत राहिली. ज्या गांवाची सर्वांस धास्ती, तेथील समित्यांचीं माणसें रात्रभर गल्लींत उभीं राहून अफवा जिथल्या तिथें विझवीत होतीं. तो धडा मुंबईनें उशिरां, पण घेतला. १९९४ सालीं निवृत्त पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, समाजसेविका सुशोभा बर्वे व तत्कालीन आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकारानें तेथें मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली. भिवंडीच्या त्या यशाचें माप कोणत्याहि कोष्टकांत सांपडणार नाहीं. न झालेल्या दंगलीचा रकाना कोष्टकास नसतो. जे लोक त्या हिंवाळ्यांत जिवंत राहिले, ते आपण वांचलों हें जाणतहि नसतील.

पोलीस आणि वस्ती यांच्याबरोबर तिसरा एक राखणदार असतो. तो म्हणजे रस्ता. अमेरिकन लेखिका जेन जेकब्स यांनीं १९६१ सालीं आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, रस्त्यावरील शांतता मुख्यतः पोलीस राखीत नाहींत. ये-जा करणारीं, दुकानांत बसणारीं, खिडकींतून पाहणारीं माणसें ती नकळत राखतात. हें तत्त्व मुंबईकरास परकें वाटूं नये. गिरगांवच्या चाळींतील गॅलरीमध्यें बसलेली आजी, कोपऱ्यावरचा पानवाला, रात्रीं उशिरांपर्यंत गाडी लावणारा भुर्जीवाला, इस्त्रीवाला, हे कोणाच्याहि नेमणुकीशिवाय पहारा करीत आलेले आहेत. शेवटच्या लोकलनें परतणाऱ्या परिचारिकेला उजेड आणि चार माणसें दिसली कीं तिचें पाऊल निर्भय पडतें. शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे या तिघींनीं मुंबईचा अभ्यास करून २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या 'व्हाय लॉयटर' या पुस्तकाचा रोखहि हाच आहे. स्त्रियांना घरांत ठेवून शहर सुरक्षित होत नाहीं. त्या निःसंकोचपणें व मोठ्या संख्येनें बाहेर असल्या म्हणजे होतें. शक्ति मिल्सचें आवार शहराच्या मध्यभागीं होतें, पण तेथें उजेड नव्हता, वर्दळ नव्हती, पाहणारा डोळा नव्हता.

आज मात्र शहराची रचना उलट दिशेनें चालली आहे. चाळी जाऊन उंच मनोरे येतात. मनोऱ्याभोंवतीं उंच भिंत येते. भिंतीआंत पहारेकरी व कॅमेरे येतात. आणि भिंतीबाहेरचा पदपथ ओसाड पडतो. आंतील घर पूर्वींपेक्षां सुरक्षित झालें असें वाटतें, पण त्या घरांतील मुलीला कॉलेजांतून परततांना त्याच ओसाड पदपथावरून यावें लागतें! नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर मुंबईंत सरकारी कॅमेऱ्यांची योजना झाली व २०१६ पर्यंत हजारों कॅमेरे लागले. तपासास त्यांचा उपयोग निर्विवाद झाला आहे. परंतु कॅमेरा साक्ष देतो, हांकेला ओ देत नाहीं. ज्या गल्लींत ओ देणारें कोणी उरलें नाहीं, तेथें यंत्रांचें बळ अपुरेंच पडणार.

भिंतीआडच्या एकटेपणाचा फायदा घेणारा एक नवा गुन्हाहि अलीकडे उद्‌भवला आहे. दूरध्वनीच्या पडद्यावर गणवेशांतील तोतया दिसतो. तुमच्या नांवावर गुन्हा आहे, तुम्हांला 'डिजिटल अटक' केली आहे, कोणाशीं बोलूं नका, असें दरडावतो. आणि निवृत्तीची पुंजी एका दुपारीं लुबाडून नेतो. अशी अटक कोणत्याहि कायद्यांत नाहीं. परंतु कांहीं माणसें या धाकानें दिवसचे दिवस आपल्याच घरांत कैदी होऊन बसलीं, आणि शेजारच्या दाराला त्याचा पत्ता लागला नाहीं. त्या तोतयाची पहिली आज्ञा "कोणाला सांगूं नका" ही असते. एखादा शेजारी सहज बेल वाजवून "काका, दोन दिवस दिसला नाहीत" असें म्हणता, तर तो सारा बनाव तेथेंच कोसळता. असा प्रसंग आलाच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावें. जितकें लवकर कळवावें तितकी रक्कम वाटेंत अडविली जाण्याची शक्यता अधिक. येथेंहि लाज गिळून फिर्याद देणारा माणूसच पुढच्यास वांचवितो.

तात्पर्य, शहराचें अभय तीन गोष्टींवर उभें असतें: खरी नोंद, वस्तीला ओळखणारा पोलीस, आणि एकमेकांस ओळखणारी वस्ती. पहिल्या दोहोंची मुख्य जबाबदारी सरकारची आहे, व ती त्याच्याकडून पुरी करून घेण्यास नागरिकांनीं संकोचूं नये. परंतु सुशिक्षित घरांच्या वांट्यासहि कांहीं येतें. मोबाईल चोरीला गेला असेल तर 'चोरीला गेला' असेंच लिहून द्यावें, आणि नोंदीची प्रत मागून घ्यावी. आपल्या भागाच्या गस्तीवर कोण येतो त्याचें नांव विचारावें. जिन्यांतील व फाटकाबाहेरचा दिवा लागतो कीं नाहीं हें पाहावें. परक्या माणसाकडे त्याच्या पोशाखावरून वा नांवावरून संशयानें पाहण्याची संवय मुलांस लावूं नये. त्या संवयीचा परिणाम न्यूयॉर्कनें भोगलेला आहे. आणि घरांतील मुलगी एखादी अप्रिय गोष्ट सांगूं लागली, तर तिला प्रथम "तूं तेथें गेलीस कशाला?" असें विचारूं नये. शहरांतील कित्येक फिर्यादी त्या एका प्रश्नापाशींच, ठाण्याच्या पुष्कळ अलीकडे, घराच्या उंबऱ्यावर मरतात.

पुढच्या वर्षाच्या प्रारंभीं पुन्हां तें कोष्टक येईल. आकडा वाढलेला दिसला तर लगेच काळाला दोष देऊं नये, आणि घटलेला दिसला तर लगेच निश्चिंत होऊं नये. त्या आकड्यामागें किती माणसें ठाण्याची पायरी चढलीं, आणि किती माणसें फाटकापर्यंत जाऊन परतलीं, हें प्रथम विचारावें. परतणाऱ्यांची संख्या ज्या वर्षीं कमी होईल, त्या वर्षीं शहर सुधारूं लागलें असें समजण्यास हरकत नाहीं. मग कोष्टकांतील आकडा थोडा चढलेला कां असेना.